सलोमीबाईंची टोळी

सलोमीबाई बांधावर डबा उघडत आणि लगेच डोळे मिटून घेत. ओठ हलत, आवाज येत नसे. तेवढा वेळ टोळीतल्या साऱ्या बायका उघड्या डब्यांपुढे हात आवरून बसत. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या टोळीत रीतच तशी आहे: मुकादमीण पहिला घास घेते, मग बाकीच्या. मुकादमीण ख्रिस्ती होती, टोळी हिंदू. भंडाऱ्याजवळच्या कारध्यापलीकडे असलेल्या त्या गावात हे अनेक पावसाळे चाललं. त्यात वावगं कुणाला दिसलं नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि मी उरलेल्या भंडारा जिल्ह्याच्या बातम्या गोळा करत फिरू लागलो. त्या काळातली ही ओळख. पहिल्या भेटीत त्या चिखलात, धानाच्या रोपांमध्ये उभ्या होत्या. "पेपरवाले आहा का? मंग बाजूले सरका जी, पऱ्हे तुडवून राहिले तुमी," म्हणाल्या. तेव्हा चाळिशीच्या, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला. घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी सकाळी भंडाऱ्याला चर्चमध्ये जात आणि दुपारून बांधीत, धानाच्या खाचरात उतरत. रोवणीची गाणी त्याच उचलत. गाण्यांत राम-सीता असत. एकदा मी त्याबद्दल विचारलं. "गानं नाई म्हटलं तं ह्या बाया गोष्टी करत बसते, अन् रोवना राह्यते बाजूले," एवढंच त्यांचं उत्तर.

बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी त्यांच्या जेवणाचा मोबाइलवर फोटो काढला. मध्ये डोळे मिटलेल्या सलोमीबाई, भोवती मान खाली घातलेल्या बायका. संध्याकाळपर्यंत फोटो आसपासच्या गावांत फिरला. खाली लिहिलं होतं: शेतात सामूहिक धर्मांतर. दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर जमाव आला, तक्रार झाली आणि सलोमीबाईंना बोलावणं गेलं. टोळीतल्या बायका न बोलावता मागोमाग आल्या.

ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, या बाईने कसलं आमिष दाखवलं? टोळीतली सर्वांत वयस्क इंदिराबाई, विणकराच्या घरातली, विचार करून म्हणाली, "लोनचं देते सायेब. तिच्या हातचं बरं राह्यते." जबाबात खाद्यपदार्थ असं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्याला हसू आलं नाही. माना खाली का घातल्या होत्या, हाही प्रश्न झाला. "डबा खालीच राह्यते ना जी," इंदिराबाई म्हणाली. मुकादमिणीआधी जेवत नाहीत, ही रीत तिने दोनदा समजावली. ती कुणी लिहून घेतली नाही. सलोमीबाई शेवटी बोलल्या. "मी कोनाले काई शिकवलं नाई. मी जेवाले बसली होती."

गुन्हा उभा राहण्यासारखं काहीच नव्हतं, त्यांना सोडलं. निघताना साहेबांनी सल्ला दिला, समजुतीने घ्या. न विचारता बायकांचा फोटो काढणाऱ्याला, तो खोट्या मजकुरासह पसरवणाऱ्याला हा सल्ला द्यावा असं त्यांना वाटलं नाही. त्या माणसांना ठाण्यात कुणी बोलावलंही नाही.

समजूत गावाच्या बैठकीत ठरली. सलोमीबाईंनी शेतात प्रार्थना करू नये. करायचीच असेल तर पलीकडच्या बांधावर एकटं जेवावं. मान्य नसेल तर त्यांच्या टोळीला काम नाही. राज्यघटनेने या बाईला जे दिलं आहे, ते एका बैठकीत काढून घेतलं गेलं. त्यांच्याच हातच्या रोवणीचा तांदूळ वर्षानुवर्षं खाणारी माणसं तिथे बसली होती. एकानेही हरकत घेतली नाही.

इंदिराबाईने त्यांना घरी जाऊन विनवलं. मी अंगणात होतो. "मनातल्या मनात कर ना वो. देवाले का कमी आयकू येते?"

"मनातच तं करत होती," सलोमीबाई म्हणाल्या. "त्याहीले तेवढंही दिसलं. उद्या म्हनतीन, मनातही नोको."

वाफ्यात पऱ्हे वाढून चालले होते, रोवणीची वेळ टळू लागली होती. शेतकरी बाहेरची टोळी आणायच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा बायकांची चूल अडू नये म्हणून सलोमीबाईंनीच टोळी इंदिराबाईच्या हाती दिली आणि गाव सोडलं. रोवणी वेळेवर झाली. प्रकरण शांततेत मिटलं असं सगळ्यांनी सांगितलं.

त्यानंतर तुमसरला धानबाजाराच्या बातमीसाठी गेलो असताना एका राइस मिलच्या फाटकाशी त्या दिसल्या. झाडलोटीच्या कामाचं विचारायला आल्या होत्या. आता ज्याच्याकडे राहत होत्या त्या भाच्याने बजावलं होतं, नाव शांता सांग. मिलच्या मुकादमाने नाव विचारलं, त्यांनी सलोमी सांगितलं. तो थबकला, तेव्हा त्या पुढे म्हणाल्या, "ख्रिस्ती आहो. जेवाच्या अगोदर मी डोळे मिटते. आताच सांगून ठेवते, मंग कोनी फोटो काढाले नोको."

मालकाला विचारून येतो, म्हणून तो आत गेला. मी बाजारातलं काम आटोपून परतलो तेव्हाही त्या फाटकाबाहेर उभ्याच होत्या.