वाकलेल्या पंखाखाली

धातूलाही श्रम होतात, पण तो ते बोलून दाखवत नाही. त्याचे मौन ऐकण्यात जिचे अर्धे आयुष्य गेले, तिला परीक्षणशाळेत सगळे ‘शंकासुर’ म्हणत. तीही त्या नावाला ओ देई.

परीक्षणशाळेच्या मध्यभागी विमानाचा एक पंख मुळाशी जखडलेला होता. यंत्राचे जॅक त्याला खालून उचलत, सोडत, पुन्हा उचलत. आभाळात वर्षानुवर्षे सोसायचे ते हेलकावे त्याने येथे काही महिन्यांत सोसायचे. मागे त्याच्या खालच्या पत्र्याला तडा गेला, तेव्हा तो पुढे सरकू नये म्हणून मिस्त्रींनी तड्याच्या टोकाशी भोक पाडले. तडा थांबला असे मानून उडत्या विमानांवरही हीच दुरुस्ती झाली. त्यांतलेच एक विमान तिचा धाकटा वैमानिक भाऊ त्या सायंकाळी नेणार होता.

त्या दिवशी दुपारी भोकापलीकडे पत्र्यावर चिकटवलेल्या ताणमापकाचा आकडा तिला किंचित उतरलेला दिसला.

“मापक सुटत आलं असेल,” मिस्त्री म्हणाले. “लाल रंग कितीदा लावून पाहिला, मॅडम. तडा असता तर रंग आत शिरून पांढऱ्या पुडीवर उमटला असता.”

“पाहिला, पण भार उतरवून.”

वाकलेल्या पंखाखाली माणूस जाऊ नये, म्हणून तपासणीआधी भार उतरवण्याचा प्रघात तिनेच घालून दिला होता. परंतु भार उतरला की तड्याचे ओठ मिटतात. मिटल्या ओठांत रंग कसा शिरावा? माणसांना जपणाऱ्या नियमानेच तडा झाकून ठेवला होता.

“निम्मा भार धरून ठेवा. मी पंखाखाली जाते.”

“तुम्हांला काही झालं तर तुमच्या घरी कोणतं तोंड दाखवू, मॅडम?”

“म्हणून तर तुम्हांलाच जॅकच्या बटणापाशी ठेवतेय. तुमचा हात हलला तर ओरडायला मी नसेन.”

पंख वर झुकला आणि स्थिरावला. ती शिडी चढली. डोक्यावर ताणलेला पत्रा. त्यातला पत्रे सांधणारा एखादा रिव्हेट टक् करून बोलला आणि तिचा हात जागीच थिजला. पुन्हा आवाज आला नाही. रंग लावून ती उतरली, तो मुरेपर्यंत दूर थांबली, पुन्हा चढली, पत्रा पुसून पूड फवारली.

भोकाच्या पलीकडे, शुभ्र पुडीवर, केसाएवढी आरक्त रेषा सावकाश उमटली. भोक तड्याच्या दिसत्या टोकावर पडले होते. खरे टोक केव्हाच पुढे निघून गेले होते.

तशी दुरुस्ती झालेली सगळी विमाने थांबवण्याचा निरोप तिने शिडीशेजारूनच दिला. लगेच भावाचा फोन आला.

“ताई, प्रवासी चढून बसलेत. तुझी शंका उद्यापर्यंत कळ काढणार नाही का?”

“शंका नाही. तडा डोळ्यांनी पाहिलाय.”

“लोक माझ्या सात पिढ्या उद्धरतील,” तो म्हणाला.

“उद्धरू देत. जमिनीवर उभा राहून ऐक.”

मिस्त्रींचे बोट अजून बटणापाशीच होते. “भार उतरवा आता,” ती म्हणाली.