स्लोव्हेनियातल्या सपाता

परदेशात, रोटोटुना उपनगरातल्या आमच्या घरी गोरा साहेब जेवायला यायचा, तेव्हा मी चपलांचा स्टँड गॅरेजमध्ये लपवायचो आणि बायकोला न जुमानता त्याला बुटांसकट आत घ्यायचो.

असा सुधारलेला मी तिच्याबरोबर स्लोव्हेनियाला गेलो. ज्या घरी उतरलो, तिथे ती दारातच चपला काढायला लागली. "युरोप आहे हा, गावंढळपणा नको," मी दटावलं आणि बुटांसकट आत शिरलो.

घरमालकीण आजीबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लोकरी सपाता माझ्यापुढे मांडल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "घरी आईने शिकवलं नाही?"

मी ओशाळलो, पण मनातून केवढा सुखावलो!

आता आमचा स्टँड दारातच असतो. परवा साहेबाला ठणकावून सांगितलं, "शूज बाहेर काढा. युरोपात असंच करतात."