बॉम्बवाले तात्या आणि लोखंडी म्हसोबा

तात्यांच्या हातात कुणी काही दिलं आणि त्यांनी ते सरळ घेतलं, असं मी कधी पाहिलं नाही. पेढ्यांचा पुडा असो की लग्नातला आहेर, आधी तो खाली ठेवायला लावायचे, भोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, “आत काय हाय ते आदी सांगा.” लष्करात बॉम्ब निकामी करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते धारूरला परतले होते. आमचं शेत किल्ल्याच्या उताराला, त्यांचं आमच्या बांधाला लागून. त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले.

मी शाळेत शिकवते. टीव्हीवर युद्धाची बातमी आली की माझे प्रश्न सुरू, आणि तात्या हौसेनं सांगायचे. एकदा त्यांनी हातातलं सीताफळ फोडलं. “नुसता गर असता तर धक्का देणारा बॉम्ब. ह्या बिया हायत ना, त्ये तुकडे. चौफेर जात्यात. लई मानसं त्यानंच मरत्यात.” काही बॉम्ब जाळतात, काही विमानातून पडतात, काही जमिनीत पुरलेले वाट बघत राहतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांना स्वतःला मात्र एकाच जातीची धास्ती होती. “फुटला त्यो संपला, बाई. न फुटलेल्याची नोकरी चालूच ऱ्हाती.” पुढे कितीतरी दिवस मला सीताफळ गोड लागलं नाही.

आमच्या शेतात लिंबाखाली म्हसोबा होता. सासऱ्यांना नांगरताना लोखंडी गोळा सापडला, सासूबाईंनी त्याला शेंदूर लावला आणि दर अमावास्येला नारळ सुरू झाला. एका अमावास्येला तात्या प्रसादाला आले. सवयीनं त्यांनी देवाभोवतीही चक्कर मारली आणि थबकले.

“मावशी, ह्याला भोक हाय का?”

“हाय की. त्यातच तर म्या उदबत्ती खोवते.”

तात्यांनी जळती उदबत्ती अलगद उपसली, लांब नेऊन मातीत विझवली आणि आम्हाला बांधापलीकडे जायला सांगितलं. तोफेचा भरीव गोळा निराळा, म्हणाले. भोकाचा असतो तो पोकळ, आत दारू, आणि त्या भोकातून वात. सासूबाई हलेनात. “माज्या देवाला बॉम्ब म्हनतोस?” त्यांनी तात्यांचा असा उद्धार केला की मलाच लाज वाटली. तात्या बीडहून पोलिसांचं पथक येईपर्यंत उन्हात वाट अडवून उभे राहिले.

पथकानं गोळा खदानीत नेऊन फोडला. आमच्या घरातली भांडी वाजली. म्हसोबाची उदबत्ती कित्येकदा मीच पेटवून दिली होती.

सासूबाईंनी तात्यांना गाठलं. “इतकी वरसं त्याच्या तोंडाला आग लावली म्या. मंग फुटला कावून न्हाई?”

शेंदराचे थर, गंज, ओल, तात्यांना काहीही सांगता आलं असतं. “त्ये मला ठावं न्हाई, मावशी,” ते म्हणाले. त्या उत्तरासाठी मला ते फार आवडले.

पुढच्या अमावास्येला तात्या घामाघूम होऊन आले, खांद्यावर एक काळा दगड. त्यांनी तो लिंबाखाली ठेवला. सासूबाईंनी शेंदराची वाटी बाजूला सारली, दगडाभोवती सावकाश एक चक्कर मारली.

“आत काय हाय ते आदी सांग.”

“दगड हाय, मावशी,” तात्या म्हणाले. “आरपार दगड.”