अर्धा मिनिट पुढे

"गेला आत," चाचा म्हणायचे, आणि पडद्यावर चेंडू अजून भलत्याच माणसाच्या हातात असायचा.

आम्ही वाट बघायचो. तो माणूस चेंडू आपटत पुढे यायचा, एकाला चुकवायचा, दुसऱ्याकडे द्यायचा, परत घ्यायचा, उडी मारायचा आणि चेंडू खरंच जाळीतून खाली पडायचा. तोवर चाचा ट्यूब घासून सोल्युशन लावायला लागलेले असायचे. डाव्या कानात पिवळट पडलेला इअरफोन, उजव्या कानाचा गळ्यात लोंबतोय, आणि चेहऱ्यावर पेपर आदल्या दिवशीच वाचून झालेल्या माणसाचा भाव.

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता हायवेवरून फुटतो, त्याच्या जरा अलीकडे चाचांचं पंक्चरचं दुकान होतं. शेजारचं मोबाइल दुरुस्तीचं माझं. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर दोन्ही दुकानं नक्की पाहिली असतील. टायर बसलं नसेल आणि मोबाइल पडला नसेल तर लक्षात मात्र राहिली नसतील.

आमच्याकडे गल्फहून परतलेली माणसं ब्लँकेटं आणतात, अत्तर आणतात, मनगटात न मावणारी घड्याळं आणतात. चाचा बावीस वर्षं बहरीनला एसीचं काम करून आले ते बास्केटबॉल घेऊन आले. तिथल्या कामगारांच्या कॅम्पात त्यांच्या खोलीत रोमी नावाचा एक फिलिपिनी वेल्डर होता. फिलिपिन्सची माणसं या खेळासाठी जीव टाकतात, हे मला चाचांमुळे कळलं. दर शुक्रवारी कॅम्पाच्या भिंतीशी खेळ आणि अमेरिकेतली मोठी लीग चालू झाली की टीव्हीपुढे मुक्काम. रोमीचा संघ निळ्या जर्सीवाला. तो संघ रोमीच्या जन्मापासून एकदाही कप जिंकला नव्हता. अशा संघामागे लागायलाही एक स्वभाव लागतो.

दुकान टाकल्यावर चाचांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागच्या फणसाला ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग ठोकली. शाळेतले खेळाचे शिंदे सर ती बघून खूश झाले. त्यांनी पोरं आणली, वर्षभर घाम गाळला. पोरं डोळे मिटून चेंडू टाकायला लागली. मग जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली आणि एकही चेंडू आत जाईना. सरांनी परत येऊन टेपने मोजलं. ट्रकची रिंग खऱ्या रिंगपेक्षा दोन इंच मोठी! सर आठवडाभर चाचांशी बोलले नाहीत. "मोठी असली म्हनून काय झालं," चाचा म्हणाले, "पोरांला वर्षभर आनंद झाला का नाय?"

अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे पहाटे-सकाळी असतात. चाचा फजरची नमाज पढून महाडहून स्कूटरने यायचे, शिंदे सर शाळेआधी, आणि ट्रॅक्स जीपवाला बाळू पहिली फेरी मारायच्या आधी. माझ्या दुकानातला टीव्ही मी इंटरनेटला जोडला होता. चहा समोरून. चार माणसं, एक बाकडं आणि बाहेर आंबेनळीच्या घाटातून उतरलेलं धुकं.

आता तो अर्ध्या मिनिटाचा प्रकार. इंटरनेटवरची मॅच जरा मागे असते, हे माझ्या धंद्यातलं ज्ञान. रोमी नोकरी सोडून आपल्या गावी गेला होता आणि त्याच्या घरच्या टीव्हीवर तीच मॅच आमच्या अर्धा मिनिट आधी यायची. तो तिकडून फोन चालू ठेवायचा, चाचा इकडे कानात ऐकायचे. त्यात जादू काही नव्हती. वैताग होता. बाळू तर हात जोडायचा.

"चाचा, पाया पडतो, पन बोलू नका! आमाला बघू द्या ना."

"मी कुठं बोलतो रे? तोच बोलतो."

गेल्या वर्षी एका सकाळी शेवटच्या भागाला सुरुवात झाली आणि पडदा काळा झाला. खोदकामात केबल तुटली होती. मोबाइलची रेंजही गेली. आम्ही चरफडत उठणार, एवढ्यात चाचा बोलायला लागले. कोणी पास दिला, कोणाचा चुकला, कोण घसरून पडला, सगळं हळू आवाजात, मान खाली घालून, हातातल्या ट्यूबकडे बघत. आम्ही काळ्या पडद्याकडे बघत ऐकत राहिलो. मधेच सरांनी टाळीसुद्धा वाजवली. दुपारी नेट आल्यावर सरांनी निकाल काढला. एका गुणाचाही फरक नव्हता. आम्हाला काय कौतुक वाटलं! रेंज नसताना फोन कसा चालू होता, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी बोर्डावर 'तज्ज्ञ' लिहून घेतलं आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये चाचांचा फोन पंक्चर बघायच्या पाण्याच्या टपात पडला. मी तो उघडला. बॅटरी वाळवली, बोर्ड पुसला. इअरफोनची पिन जिथे घालतात तो जॅक पाहिला आणि हात थांबला. जॅक आतून हिरवा पडून पार खाल्ला गेला होता. ते एका दिवसाच्या पाण्याचं काम नव्हतं. आपल्या हवेत तसा गंज चढायला दोन पावसाळे जातात. त्या जॅकमधून आवाज येणं शक्यच नव्हतं.

मग मी करू नये ते केलं. रोमीच्या नंबरावरचे कॉल पाहिले. शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा होता.

चाचा फोन न्यायला आले तेव्हा मी सरळ विचारलं. "चाचा, रोमी कुठे असतो आता?"

"वारला ना," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. झोपेतच गेला. त्याच्या मुलीनं कळवलं."

"मग कानात कोण बोलतं?"

"तोच." माझ्या प्रश्नाचंच त्यांना नवल वाटलं. "मॅच लागली का येतो. संपली का जातो."

धंद्याची सवय सुटत नाही. म्हटलं, जॅक खराब आहे, बदलून देतो, पैसे नकोत.

"हात नको लावू," चाचा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग लगेच खालच्या आवाजात म्हणाले, "चालतोय तो. चालत्या वस्तूला कशाला हात लावायचा?"

मी कोणाला सांगितलं नाही. बाळूला सांगितलं असतं तर ते दुपारपर्यंत पाचाडला पोचलं असतं. पण पुढच्या मॅचला चाचा चहा सांगायला उठले, इअरफोन बाकड्यावर राहिला आणि मी तो पटकन कानाला लावला. काही ऐकू आलं नाही. मेलेला इअरफोन मी रोज कानाला लावतो, तो कापसाच्या बोळ्यासारखा असतो, कान नुसता बंद होतो. हा तसा नव्हता. पलीकडे कोणीतरी फोन धरून गप्प बसलंय, एवढंच जाणवलं. मी तो खाली ठेवला आणि हात पँटला पुसला.

त्यातच यंदा आक्रीत घडलं. निळे अंतिम फेरीत पोचले. सात मॅचेसची मालिका, चार जिंकणाऱ्याला कप. निळे तीन हरले, तीन जिंकले. सातवी सोमवारी पहाटे.

मधल्या तीन दिवसांत आमची अवस्था काय सांगू. शिंदे सरांनी नववीच्या वर्गात फळ्यावर खेळाडूंच्या जागा काढून दाखवल्या. त्यांचा तास भूगोलाचा होता. बाळू प्रत्येक फेरीला दुकानाशी ब्रेक मारायचा. "चाचा, इचारा ना त्याला, काय होनार?" ट्रॅक्समधल्या बायका खोळंबायच्या. "त्याला आधी नाय ठाव," चाचा म्हणायचे. "तो पन बघतोच हाय ना."

चाचांचं मात्र कामात लक्ष नव्हतं. शुक्रवारी त्यांनी एका मोटारसायकलची ट्यूब टायरात चिमटवून ठेवली आणि तो माणूस दहा मिनिटांत ढकलत परत आला. दुकान टाकल्यापासून चाचांकडून असं झालं नसेल. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ टायरांच्या थप्पीवर जाऊन बसलो.

"जिंकतील का हो?"

"जिंकायला पायजे," ते म्हणाले. "रोमी कॅम्पात सगळ्यांला सांगायचा, निळ्यांनी कप उचलला का मी निवांत झोपनार, तोवर नाय. आमी हसायचो. तो झोपलाच नाय रे अजून. म्हनून तर येतो."

मला उलगडा झाला आणि बरं वाटलं नाही. "म्हणजे जिंकले तर..."

"जाईल. जायलाच पायजे. इतकी वर्षं वाट बघतोय बिचारा." त्यांनी हाताचं काळं फडक्याला पुसलं. "पन हरले तर पुढच्या साली परत येईल. रोज नमाजीला बसतो, दुवा मागायला हात उचलतो, आन काय मागू तेच समजत नाय. दोस्तासाठी मागू का माझ्यासाठी?"



सोमवारी धुकं इतकं दाट होतं की चहावाला समोरून येताना आधी किटली दिसली आणि मग तो. चाचा आमच्या आधी येऊन बसले होते. त्या दिवशी त्यांनी एकही गोष्ट आधी सांगितली नाही. ते नुसते कानाशी हात धरून पुटपुटत होते, त्यांच्या त्या कॅम्पातल्या हिंदीत. "रुक जा. थोडा रुक जा." सरांना वाटलं, खेळाडूला सांगतायत. बाळूला आनंद झाला की चाचांना एकदाची दया आली. मीच एकटा पडद्याकडे कमी आणि चाचांकडे जास्त बघत होतो.

मॅच अटीतटीची झाली. निळे एका गुणाने मागे. घड्याळात आठ सेकंद उरलेले, चेंडू निळ्यांकडे, आणि दोन्ही संघ आपापल्या प्रशिक्षकाभोवती गोळा झालेले. खेळाडू मैदानात परतायला लागले तेव्हा चाचांनी कानातला इअरफोन काढला आणि मुठीत घट्ट दाबून धरला.

"काय झालं चाचा?" सरांचा आवाज चिरका झाला होता. "सांगा ना! गेला का?"

"मला ठाव नाय," चाचा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "तिकडं संपलं असंल. हितं अजून चालू हाय."

मग मला कळलं ते काय करतायत. रोमीच्या बाजूला निकाल लागून गेला होता. आमच्या पडद्यावर मात्र अजून अर्धा मिनिट शिल्लक होता, आणि तेवढ्यासाठी चाचा पहिल्यांदाच आमच्यासारखे, आमच्याबरोबर, मागे राहून मॅच बघत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

निळ्या जर्सीतल्या एका उंच पोराने चेंडू घेतला, डावीकडे वळला आणि पडता पडता फेकला. चेंडू कड्यावर आपटला, वर उडाला, परत कड्यावर आला आणि आत पडला.

बाळूने किटली लाथाडली. सर बाकड्यावर चढून नाचले, त्यांचं डोकं पत्र्याला लागलं तेही त्यांना कळलं नाही. चाचांनी सावकाश मूठ उघडली, इअरफोन कानाला लावला आणि दुसरा हात वर केला. आम्ही गप्प झालो. ते ऐकत राहिले. हायवेवरून एक टँकर गेला, त्याचा आवाज पार घाटात विरेपर्यंत ते ऐकत राहिले.

"झोपला," चाचा म्हणाले.

त्यांनी वायर फोनभोवती नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि ते बाहेर गेले. टायरांच्या थप्पीवर बसून ते मोठ्याने रडले. घरातलं माणूस गेल्यावर रडतात तसे. रोमी गेल्याची बातमी आली त्या दिवशी ते दुकान उघडून नेहमीसारखे बसले असतील, कारण चार दिवसांनी मॅच होती आणि तो येणारच होता. दोन वर्षांचं रडायचं राहिलेलं त्यांनी त्या सकाळी रडून घेतलं. बाळूला वाटलं, कप मिळाल्याचा आनंद आहे. त्याने जाऊन त्यांना मिठी मारली.

पुढे चाचा चांगले होते. जेवायचे, बाळूची चेष्टा करायचे, पंक्चर एकदम पक्कं काढायचे. गणपतीनंतर एका दुपारी महाडच्या घरी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आम्ही तिघे मातीला गेलो. त्यांच्या मुलाने दुकान रिकामं करून दिलं.

आता लीग पुन्हा चालू झाली आहे. आम्ही तिघे सकाळी बसतो. कोणी आधी काही सांगत नाही, बाळूला पाहिजे होतं तसं अगदी. तरी चुरशीच्या वेळी तो मान वळवून बाकड्याच्या त्या टोकाकडे बघतो आणि मग चहा पितो.

माझं मात्र वेगळंच चालतं. दोघे गेले की मी दुकानातले जुने इअरफोन एकेक करून कानाला लावतो. सगळे कापसाचे बोळे. पलीकडे कोणी नसतं. असणार कसं? त्यांचं काहीच अडकलेलं नव्हतं. दोस्ताला पोचवला, पोटभर रडले, जेवले आणि झोपले. देवाने प्रत्येकाला असंच न्यावं, असं लोक मातीच्या दिवशी म्हणत होते आणि मीही मान डोलावली होती.

पण एखादी मॅच तरी बाकी ठेवायची होतीत, चाचा.