पाचवा प्रश्न

माझे सासरे घरात आलेला प्रत्येक कागद लाल पेनाने तपासत असत. नगरपालिकेचं कचऱ्याचं पत्रक, इराच्या शाळेची सूचना, पिझ्झावाल्याची जाहिरात, काहीही चालायचं. पोस्टमनने दाराच्या फटीतून कागद टाकला की अण्णा वाकून तो उचलत, खिडकीशी बसत, स्वल्पविराम घालत, समासात "आर्टिकल कुठे आहे?" असं लिहीत आणि खाली दहापैकी गुण देत. पिझ्झावाल्याला चार मिळाले होते. इराच्या मुख्याध्यापिकेला साडेपाच. तो कागद इराने तसाच दप्तरात घालून शाळेत परत नेला आणि मला बाईंना फोन करून माफी मागावी लागली. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "साडेपाच म्हणजे पास आहे की," ते म्हणाले.

विट्याच्या हायस्कुलात चौतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. सासूबाई गेल्यावर घर खायला उठतं म्हणून निनादने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना २०२० च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आयर्लंडला, आमच्या ड्रोहेडा गावी बोलावून घेतलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. विमानं बंद झाली, दोन महिन्यांचे पाहुणे दीड वर्षाचे झाले, आणि मी काही देवमाणूस नाही. मी औषधाच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आठवड्यातले तीन दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करायचे. अण्णा शेजारी उभे राहून माझ्या मीटिंगा ऐकायचे. मीटिंग संपली की विचारायचे, "तुझा तो साहेब 'सो' कितीदा म्हणतो, मोजलंस का?"

आयरिश इंग्रजीचा त्यांना भलताच राग. इथे चहा कसा आहे विचारलं तर ग्रँड, तब्येत ग्रँड, उशीर झाला तरी ग्रँड, धक्का लागला तरी "यू आर ग्रँड". अण्णांनी समोरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला, मी तिथे उभी असताना, समजावून सांगितलं की ग्रँड म्हणजे भव्य, राजवाडा ग्रँड असू शकतो, आजची हवा असू शकत नाही. शेजारी म्हणाला, "फेअर इनफ, दॅट्स ग्रँड सो." अण्णा पाय आपटत घरात आले. "ही भाषा नव्हे, ही सवय आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सात वर्षांची इरा त्यांच्या तोंडचं इंग्रजी ऐकून म्हणायची, "आजोबा, नोबडी सेज दॅट." त्यावर आजोबांचं उत्तर एकच, "समबडी शुड."

मला त्यांना माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं होतं. लोक म्हणतात की मी त्यांना किती छान उद्योग मिळवून दिला. उद्योग बिद्योग काही नाही, मला दोन तास शांतता हवी होती. माझ्या ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याच्या बायकोच्या ओळखीत पाच जणी होत्या. वाचनालयात चालणारा त्यांचा इंग्रजीचा वर्ग बंद पडला होता. मी म्हटलं, माझे सासरे शिकवतील, व्हिडिओ कॉलवर, फुकट. दर शनिवारी अकरा वाजता. झालं. अण्णांनी पहिल्या शनिवारी कोट घातला.

शिकवण्याची त्यांची पद्धत अशी, की ते स्वतः बारा ओळींचा एक धडा लिहीत आणि खाली पाच प्रश्न. फुलस्केपवर, शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात. मग तो कागद कॅमेऱ्यासमोर धरत. तो तिकडे उलटा दिसतो की सुलटा हे विचारायची पद्धत नव्हती. धडे तरी कसले? 'प्रामाणिक शिंपी', 'साखर कारखान्याला भेट', 'आमच्या गावचा पोस्टमास्तर'. त्या बिचाऱ्या शांघायच्या नि फुजियानच्या बायका, आयर्लंडच्या थंडीत बसून, ऊस गाळायच्या हंगामावर एका वाक्यात उत्तरं लिहीत. मी फ्रिजमधून दूध काढताना ऐकायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे.

परिणाम व्हायचा तो झाला. पाच जणींपैकी मेई नावाची एक होती, पन्नाशीची, बारीक चणीची. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा गावात चिनी जेवणाचा टेकअवे होता. तो आत कढईशी, ही खिडकीत. एका शुक्रवारी मी नूडल्स आणायला गेले तर मेई खिडकीतून एका दांडग्या आयरिश माणसाला विचारते आहे, "व्हॉट इज युवर गुड नेम?" आणि मग, "युवर चिकन इज रेडी. काइंडली कलेक्ट द सेम." तो माणूस गोंधळून टोपी काढून उभा राहिला. मी घरी येऊन निनादला म्हटलं, "तुझ्या वडिलांनी ड्रोहेडात तहसील कचेरी उघडली आहे."

या सगळ्यात पाचवा प्रश्न हा सर्वांत मोठा वैताग. पहिले चार साधे: कोण, कुठे, केव्हा, काय. पाचवा प्रत्येक धड्याला तोच असायचा. "हे त्याने आत्ताच का सांगितलं?" शिंप्याने राजाला कापड उरलं आहे हे आत्ताच का सांगितलं? पोस्टमास्तरने बदलीची बातमी आत्ताच का दिली? बायका गोंधळायच्या, आपापसांत चिनीत कुजबुजायच्या, काहीतरी मनाचं सांगायच्या. अण्णा मान हलवायचे. "ओळीत काय आहे ते सांग. तुझ्या मनातलं नको." मी एकदा विचारलं, "अण्णा, त्यांना दुकानात बोलण्यापुरतं इंग्रजी हवंय, हा छळ कशाला?" ते म्हणाले, "बोलतात सगळेच. तू पण बोलतेस."

हा टोमणा होता आणि तो मला बरोबर लागला. मी या देशात आठ वर्षं काढली होती. इथल्या माणसांना काय म्हणायचं असतं हे मला कळतं, आणि या माणसाला कळत नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

२०२१ च्या जानेवारीत मेईचा नवरा कोरोनाने हॉस्पिटलात गेला. टेकअवे बंद. भेटायला जायची कुणालाही परवानगी नाही; रोज सकाळी दहाला नर्स फोन करायची आणि मेई सगळं वहीत उतरवून घ्यायची. तीन आठवडे असे गेले. मेईचे शनिवार चुकले नाहीत. घरात बसवत नाही, असं तिने सांगितलं होतं. तिला एकच हवं होतं, त्याच्याजवळ एकदा जाऊन बसायचं. ती दर फोनला विचारायची, आणि नर्स दर फोनला, अगदी गोड आवाजात, नाही म्हणायची.

त्या शनिवारी वर्ग सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. मी टेबलाशी भाजी निवडत होते. मेई म्हणाली, सर, आज नर्सचा फोन दहाला आला नाही, पावणेअकराला आला, एक वाक्य कळलं नाही, वाचून दाखवू का? आणि वहीतून वाचलं, "ही इज कम्फर्टेबल नाउ. यू माइट लाइक टु कम इन, व्हेनएव्हर सूट्स." आता त्यांना आराम आहे, वाटलं तर येऊन जा, तुमच्या सोयीने.

अण्णा काही बोलायच्या आत मी स्क्रीनपुढे मान घालून बोलले. अगदी उत्साहात. "मेई, चांगली बातमी आहे! आराम आहे म्हणजे सुधारतोय तो. आणि 'व्हेनएव्हर सूट्स' म्हणजे घाई नाही. इथले लोक असंच बोलतात. क्लास संपव, जेव, उद्या जा." मेईचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली ती. माझ्या ऑफिसात 'व्हेनएव्हर सूट्स' लिहिलेली कामं महिनोन्‌महिने पडून असतात, मला माहीत नाही तर कुणाला?

अण्णांनी हात वर केला. "पुन्हा वाच," ते मेईला म्हणाले. तिने वाचलं. "पाचवा प्रश्न," अण्णा म्हणाले.

मला इतका संताप आला. एका बाईचा नवरा आजारी आणि या माणसाला धडा सुचतोय. पण ते तिला सावकाश विचारत गेले. आज तू परवानगी मागितली होतीस का? नाही, आज विचारायच्या आधीच ती बोलली. तीन आठवडे विचारल्यावर काय म्हणत होती? नाही. नियम बदलला असं म्हणाली का? नाही. बरा होतोय असं म्हणाली का? मेईने वही पाहिली. असं लिहिलेलं नव्हतं.

"मग न मागता दार का उघडलं?" अण्णा मराठीतच म्हणाले, माझ्याकडे वळून. "आणि आत्ताच का?"

"अण्णा, उगाच घाबरवू नका तिला," मी म्हटलं. "तुम्हाला इथलं इंग्रजी कळत नाही."

"नाही कळत. गाडी काढ, रश्मी."

आणि स्क्रीनकडे तोंड करून, वर्गात लावत असतील त्या आवाजात, "मेई, पुट ऑन युवर कोट. इमिजिएटली." ती उठलीच. तिला गाडी चालवता येत नव्हती, नवरा चालवायचा. मी चडफडत किल्ली घेतली. मास्क लावून, काचा उघड्या टाकून, थंडीत कुडकुडत तिला घेऊन गेले. ती मागे वही मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत सोडून मी पार्किंगमध्ये थांबले आणि घरी गेल्यावर अण्णांना काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव केली. दोन-चार वाक्यं चांगली जमली होती.

साडेतीनला मेईचा नवरा गेला. ती बारा वाजल्यापासून त्याचा हात धरून बसली होती.

ती बाहेर आली तेव्हा मी उतरून गाडीचं दार उघडलं. तिला घरी सोडून आले. अण्णा दारातच उभे होते. "पोचली का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पोचली." त्यांनी मान हलवली आणि आपल्या खोलीत गेले. मी दिवसभर वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली, पण ते काही बोलले नाहीत. ज्या माणसाने पिझ्झावाल्याला सोडलं नाही, त्याने मला सोडलं. टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. मला लाज वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. निनादला मी इतकंच सांगितलं की मेईला वेळेवर नेता आलं. शाबासकी मलाच मिळाली, आणि मी ती घेतली.

मेई तिसऱ्या शनिवारी वर्गात परत आली. ती इंग्रजीत सांगू लागली की त्याने डोळे उघडले, आणि "ही वॉज नोइंग मी," म्हणजे त्याने तिला ओळखलं.

"ही न्यू मी," अण्णा म्हणाले.

मी सिंकपाशी दात-ओठ खात उभी राहिले. इथेसुद्धा व्याकरण! पण मेईने ते म्हटलं, "ही न्यू मी." मग पुन्हा एकदा म्हटलं, हळू. अण्णांनी तिला म्हणू दिलं, आणि त्या दिवशी धडा घेतला नाही.

सप्टेंबरमध्ये ते परत गेले. विमानतळावर मी बोलणार होते. खरंच ठरवलं होतं. पण ते शेवटपर्यंत 'शेड्यूल'च्या उच्चारावर बोलत राहिले आणि माझं राहून गेलं. फोनवर अशा गोष्टी बोलायच्या नसतात अशी मी स्वतःची समजूत घातली.

डिसेंबरात विट्याहून पवारकाकांचा, अण्णांच्या शेजाऱ्यांचा, फोन आला. मीच घेतला. "काही विशेष नाही, सूनबाई. अण्णा तसे बरे आहेत. जेवण जरा कमी झालंय, इतकंच. सवड झाली की एकदा येऊन जा म्हटलं. घाई नाही." मी निनादला सांगितलं. तो म्हणाला, "बरे आहेत म्हणाले ना? मग नाताळ होऊ दे, जानेवारीत बघू."

पवारकाकांनी आठ-नऊ वर्षांत आम्हाला कधी फोन केला नव्हता. मी त्याच संध्याकाळी तिघांची तिकिटं काढली. निनाद म्हणाला, "तू उगाच घाबरवतेस." मी त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि बॅग भरली.

आम्ही पोचलो तेव्हा अण्णा पलंगावर होते, चादरीत निम्मे झालेले. निनाद डॉक्टरांकडे गेला, इरा पवारकाकूंकडे. मी स्टूल ओढून बसले. आता मागेपुढे बघायला वेळ नव्हता. म्हटलं, "अण्णा, त्या मेईच्या दिवशी माझं चुकलं होतं. तुम्ही माझं ऐकलं असतं तर ती पोचली नसती. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे गं, सोड. कुणीही म्हणालं असतं.

"हो, चुकलंच होतं," अण्णा म्हणाले, आणि पाणी मागितलं.