प्रार्थनेचा विषय

दर शुक्रवारी संध्याकाळी डोंबिवलीतल्या आमच्या घरी आमच्या चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमतात. आधी गाणी, मग शास्त्रवाचन, आणि मग पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" कोणाची शुगर, कोणाच्या मुलाची नोकरी, दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्यांची पाणीटंचाई. हे सगळं देवाच्या कानावर घालायचं असतं. पण ते आधी सगळ्या खोलीच्या कानावर पडतं, आणि देव सोडला तर नंतर गप्प कोणीच बसत नाही. मला या प्रकाराचा पहिल्यापासून वैताग आहे.

माझ्या सासूबाईंचा यात हातखंडा. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. एकदा एका गृहस्थांची दारू सुटावी म्हणून त्यांनी इतक्या कळवळ्याने विषय मांडला, की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. ते कुटुंब आता कल्याणला दुसऱ्या मंडळीत जातं. सासूबाईंना त्याचं वाईट वाटलं असावं, पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. तोवर बोलून न दाखवलेली त्यांची एवढी एकच गोष्ट मला आठवते.

गेल्या वर्षी शहाडहून येणाऱ्या एका बाईंची लग्न झालेली मुलगी माहेरी आली. "सुट्टीला आलीये," असं आई सांगायची. सुट्टी काही संपेना. मुलगी आईबरोबर प्रार्थनेला यायची, दाराजवळ बसायची आणि कोणाशी बोलायची नाही.

एका शुक्रवारी ती आई सगळ्यांच्या आधी आली, एकटीच. मी चहाचं आधण ठेवत होते. सासूबाई तिथेच बसल्या होत्या.

"मावशी, आज माझ्या पोरीचा विषय तुम्ही घ्या ना," ती म्हणाली. "परत नांदायला जावी म्हणून. आमचं ऐकत नाय ती. सगळ्यांनी प्रार्थना केली, तर तिला नाही म्हणता येणार नाय. बाकीचं नका सांगू."

"बाकीचं म्हणजे?"

"जावयाचा हात उठतो कधीकधी."

सासूबाई "बघते" एवढंच म्हणाल्या. मला धडकी भरली. एकदा सगळ्यांनी डोळे मिटून काही मागितलं, की चहा येईपर्यंत ती देवाची इच्छा होऊन बसते. मग त्या मुलीचं भांडण आईशी राहिलं नसतं, देवाशी झालं असतं.

थोड्या वेळाने मुलगीही आली आणि दाराजवळ बसली. गाणी झाली, वाचन झालं. पाळकसाहेबांनी विषय विचारले आणि सवयीने आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्या घरात इतकी वर्षं आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मुलीची आई त्यांच्याकडे बघत होती.

"माझी जीभ," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "बोलायच्या आधी तिने मला विचारावं, म्हणून प्रार्थना करा."

एक-दोघं हसले. त्या हसल्या नाहीत.

मग रीतीप्रमाणे एकेकाने प्रार्थना केली. एरवी त्या मुलीची पाळी आली, की शेजारी बसलेली बाई तिला सोडून पुढे जायची. त्या दिवशी त्या बाईने सुरुवात करायच्या आत मुलगी बोलली. "प्रभू, आजींच्या जिभेला सांभाळ. आणि मी परत जाणार नाही. तो मारतो. माझ्या आईला हे ऐकून घ्यायची ताकद दे. येशूच्या नावाने मागते."

कोणीही काहीही मागितलं, तरी शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. सासूबाईंचं आमेन लगेच आलं, मग बाकीच्यांचं. मी डोळे उघडून पाहिलं, जे करायचं नसतं. तिच्या आईचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत नव्हते. पाळकसाहेब थांबून राहिले, पुढे गेले नाहीत.

बऱ्याच वेळाने आई आमेन म्हणाली.