मूठ की खटका

शेषरावमामांना कुणी हात मिळवायला गेलं की ते तो हात धरायचे आणि लवकर सोडायचे नाहीत. ओळखपाळख नसली तरी अंगठा दाबून बघायचे, मनगट उलटसुलट फिरवायचे आणि मग विचारायचे, "काय काम करता?" नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हे बहुतेक भविष्यही सांगत असतील.

मी बियाण्यांच्या कंपनीत खुर्चीवर बसून काम करणारा माणूस. डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघून सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा हौसेनं एक जुनी माउंटन बाइक घेतली. तिचे गेअर बदलायचे शिफ्टर मोडलेले होते. "डोंगराची सायकल आनली," मामा म्हणाले, "आता डोंगर कुठून आनता?" मग त्यांनी माझा अंगठा दाबला.

"आधी काय चालवत होते?"

"स्कूटर. वीस वर्षं."

"तरीच. मनगट तयार हाय, अंगठा बिलकुल अडाणी."

भिंतीवर तीन तऱ्हेचे शिफ्टर टांगलेले होते. एक जुन्या पद्धतीची दांडी, अंदाजानं पुढं-मागं सरकवायची. दुसरा अंगठ्याचा खटका, एकदा दाबला की एक गेअर. तिसरी पिळायची मूठ, थेट स्कूटरसारखी. मी लगेच मुठीकडे बोट दाखवलं आणि मामांनी तोंड वाकडं केलं.

"दांडी मागा, देतो. खटका मागा, देतो. मूठ कशाला? हाताला घाम आला की फिरवली तरी फिरत न्हाई, आन खड्डा आला की न फिरवता फिरते. खटका सांगितलं तेवढंच ऐकतो."

मी हट्टाला पेटलो. आठ दिवस रोज जाऊन तेच मागितलं. शेवटी ते म्हणाले, "लावून देतो. पन कुनी इचारलं तर माझं नाव सांगू नका."

दर संकष्टीला सकाळी मामा सायकलवरून राजूरच्या गणपतीला जायचे. लग्नाआधीपासूनची ही रीत. पाऊस असो, पाहुणे असोत, कधी चुकली नव्हती. त्यांच्यामागून आम्ही चार-पाच गिऱ्हाइकंही जायला लागलो. मामा पांढरी टोपी घालून सगळ्यांच्या पुढं. पहिल्याच फेरीत एका खड्ड्यात माझी मूठ हातातल्या हातात फिरली, गेअर बदलला, साखळी खडखडली आणि माझे पाय हवेत गरगरायला लागले.

"खड्ड्यानं बदलला का, सायेब?" मामांनी मागं न बघताच विचारलं.

"छे, मीच बदलला," मी म्हणालो.

"बराबर." पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. दोन वर्षं दर महिन्याला हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मी बधलो नाही.

मग लागोपाठ दोन संकष्ट्यांना मामा आलेच नाहीत. विचारलं तर म्हणे, एकदा पाहुणे आल्ते, एकदा दुकानात काम होतं. त्यांचा मुलगा मोटरसायकलवर न्यायला तयार होता, तर म्हणे, "मागं बसून गेलो तर गनपती इचारंल, ह्यो कोन?" मला काही पटेना. एका संध्याकाळी दुकानामागच्या चढावर ते सायकलवर दिसले. डावा हात आडवा नेऊन ते उजवीकडचा खटका दाबत होते, सायकल झोकांड्या खात होती. एका हातगाडीवर आदळता आदळता वाचले. जगाचे अंगठे तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचा अंगठा लपवून ठेवला होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेलो आणि त्यांचा उजवा हात धरला. ते ओढून घ्यायला लागले, मी सोडला नाही. अंगठा दाबला तसे ते कळवळले.

"काय काम करता?" मी विचारलं.

मामा खो खो हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं नट पिळले, सायेब. आता खटका दाबला की कळ पार डोक्यात जाती. राजूर सुटलं म्हना आता."

"आणि मनगट?"

त्यांनी मनगट फिरवून बघितलं. "मनगट बराबर हाय," म्हणाले, आणि त्यांची नजर बाहेर उभ्या असलेल्या माझ्या सायकलच्या मुठीवर गेली. "न्हाई! बिलकुल न्हाई."

"मग राजूरला कसं जाणार?"

त्यांनी उठून शटर अर्धं खाली ओढलं. दोघांच्याही सायकलींना मागं सातच गेअर होते, त्यामुळं अदलाबदल जमणार होती. मामा स्टुलावर बसून सांगत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाना चालवत होतो. "तार ताना. आरं, एवढी न्हाई, सतार लावून राह्यले का?" तासाभरानं माझी मूठ त्यांच्या सायकलला लागली आणि त्यांचा खटका माझ्या. त्यांनी मूठ पिळून सातही गेअर चढवले, उतरवले, परत चढवले.

"बरी हाय की," ते हळूच म्हणाले. आणि लगेच, "पन सायेब..."

"तुमचं नाव सांगत नाही."

पुढच्या संकष्टीला मामा पुन्हा सगळ्यांच्या पुढं होते. जालना मागं पडलं आणि एका खड्ड्यात त्यांची साखळी खडखडली, पाय गरगरले. मी अंगठ्यानं खटका दाबला आणि सायकल त्यांच्या शेजारी नेली.

"खड्ड्यानं बदलला का, मामा?"

मामांनी टोपी सारखी केली आणि नजर समोर ठेवूनच म्हणाले, "न्हाई. मीच बदलला."